जखम सुकू द्या

पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप येतो, ‘आज आमच्याकडे पाच ब्रह्मकमळं उमलणार आहेत. रात्री दहानंतर या.’ मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीत गर्दी होते. कुणी उदबत्ती लावतं, कुणी हात जोडतं, मुलं फुलाशेजारी तोंड नेऊन फोटो काढून घेतात. मध्यरात्रीपर्यंत पूर्ण उमललेलं ते फूल पहाटे मान टाकतं. या सगळ्या गडबडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, “काकू, एक पान द्याल का?” काकू देतात. ब्रह्मकमळाचं पान मागणाऱ्याला नाही म्हणणारं घर माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे झाड निवडुंग आहे म्हटलं तर अनेकांना पटत नाही. काटे कुठे आहेत, असा पहिला प्रश्न येतो. पण एपिफायलम ऑक्सिपेटालम हे निवडुंगाच्याच कुळातलं. मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली जंगलं. तिथे ते मोठ्या झाडांच्या बेचक्यांत साठलेल्या पाचोळ्यात मुळं रोवून वाढतं. हिमालयात उंचावर येणारं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आपल्या ब्रह्मकमळाला खरी पानं नसतातच. काकू जे पान म्हणून देतात ते चपटं झालेलं खोड. त्याच्या कडेच्या खाचांत डोळे असतात. त्यांतूनच कळी येते आणि त्यांतूनच नवी फांदी. म्हणून वीतभर तुकडा मातीत खोचला की झाड तयार. बी न पेरता, दुकानाची पायरी न चढता हे झाड वाड्यांतून चाळींत आणि चाळींतून गृहसंकुलांत पोचलं ते असल्या मागून आणलेल्या तुकड्यांवर.

आता त्याच बाल्कन्यांच्या कठड्यांवर त्याच्यासारखीच पाणी साठवणारी दुसरी मंडळी येऊन बसली आहेत. एकेव्हेरिया, सेडम, हावर्थिया, जेड, कलांचो. रोपवाटिकेत सगळ्यांना मिळून ‘सक्युलंट’ म्हणतात. चिमुकल्या कुंडीत, वर पांढरे खडे पसरलेले, दिसायला इतके देखणे की वाढदिवसाला, गृहप्रवेशाला, आता दिवाळीच्या भेटीलाही हेच दिले जातात. आणि त्यांतले बरेच पहिल्या पावसाळ्यातच सडतात. कारण बहुतेक वेळा एकच, पाणी. घरच्या घरी नवी रोपं करू पाहणाऱ्यांचं पहिलं पान कुजतं तेही त्याच कारणानं. गुलाबाची किंवा जास्वंदीची फांदी लावण्याची सवय हाताला असते. तिथे फांदी तोडली की लगेच ओल्या मातीत, वर झारीनं पाणी. इथे नेमकं उलटं करायचं असतं. तुकडा तोडायचा आणि कोरडा पडू द्यायचा. हे कोरडेपण आपल्या हवेत वर्षातल्या काही महिन्यांतच आयतं मिळतं, आणि ते महिने परदेशी व्हिडिओत सांगितलेले नसतात.

*

ही रसाळ झाडं पाण्यावाचून इतके दिवस कशी तग धरतात, याचा पहिला धागा मिळाला तो आपल्याच देशात, पानफुटीच्या पानावर. बेंजामिन हाइन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले वनस्पतींचे अभ्यासक, मद्रास इलाख्यात राहणारे. पानफुटीचं पान त्यांनी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चावून पाहिलं. सकाळी ते आंबट लागलं, दुपारपर्यंत बेचव झालं आणि संध्याकाळी किंचित कडवट. १८१३ साली त्यांनी हे पत्रानं लंडनच्या लिनियन सोसायटीचे लॅम्बर्ट यांना कळवलं आणि दोन वर्षांनी ते तिथल्या नियतकालिकात छापून आलं.

त्या आंबटपणाचा उलगडा व्हायला पुढे शतकाहून अधिक काळ लागला. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्या भानगडीत पाणी गमावतात. पानफुटी आणि तिच्यासारखी झाडं छिद्रं उघडतात ती रात्री, हवा गार आणि दमट असताना. आत घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. दिवसा दारं बंद करून, उन्हाच्या मदतीनं, त्या साठ्यावर अन्न तयार करतात. म्हणून पहाटेचं पान आंबट. या पद्धतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन तिला ‘कॅम’ म्हणतात. त्यातलं पहिलं अक्षर पानफुटीच्याच क्रॅसुलेसी कुळावरून आलं.

तोडलेल्या तुकड्याच्या दृष्टीनं याचा अर्थ मोठा आहे. गुलाबाच्या फांदीला मुळं नसतील तर ती दोन दिवसांत मान टाकते, कारण तिची वाफ उडत राहते. सेडमचं पान मात्र टेबलावर पडल्या पडल्या आठवडेच्या आठवडे जिवंत राहतं. त्याच्यापाशी स्वतःची शिदोरी असते. पाणी आत, साखर आत, दारं बंद. त्याला घाई नसते. घाई आपल्याला असते.

दरम्यान जखमेपाशी काम सुरू झालेलं असतं. कापलेल्या जागेवरच्या पेशी वाळतात. त्यांच्या खाली बुचासारख्या पदार्थाचा थर तयार होतो आणि वाट बंद होते. शेंड्याकडून खाली वाहणारं ऑक्सिन हे संप्रेरक कापाशी येऊन साठतं, कारण पुढे रस्ता नसतो. तिथे ते साठलं की आसपासच्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि मुळं फुटतात. हा थर धरायच्या आत ताजी जखम ओल्या मातीत गेली तर मातीतल्या बुरशी आणि जिवाणूंना रसानं भरलेलं दार सताड उघडं मिळतं. देठ काळा पडतो, मऊ होतो, वास येतो. त्यावर उपाय नाही. काळ्या भागाच्या वरपर्यंत, आतला गर स्वच्छ दिसेतो कापायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकांची रांगच आहे. हिरव्या जाळीखाली तिथे सक्युलंटचे ट्रे मांडलेले असतात, आणि बाजूला कुठेतरी क्रेटमध्ये किंवा वर्तमानपत्रावर कटिंग नुसती पसरून ठेवलेली दिसतात. नवख्या गिऱ्हाईकाला वाटतं हा टाकाऊ माल आहे. काम करणाऱ्या बायकांना संप्रेरकं आणि बुचाचा थर यांची पुस्तकी नावं ठाऊक असोत नसोत, किती दिवस पडू द्यायचं हे त्या बोटानं कापावर दाबून ओळखतात. बोटाला चिकट लागलं नाही आणि काप खडबडीत झाला, की लावायचं. सेडम किंवा घोस्ट प्लांटच्या पानाला दोन-तीन दिवस पुरतात. जेडच्या बोटभर जाड फांदीला आठवडा. मनगटाएवढ्या निवडुंगाच्या खांबाला दोन आठवडे तरी द्यावेत, पावसाळी हवेत त्याहून जास्त. ही जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. उन्हात वाळवायचे पापड वेगळे.

*

कुठल्या झाडाचा कुठला भाग घ्यायचा, इथे पुस्तकं एका ओळीत बरंच काही उरकतात आणि घरी घोटाळा होतो.

ज्यांची पानं सहज रुजतात त्यांत ग्राप्टोपेटॅलम, म्हणजे बाजारातला घोस्ट प्लांट, पहिला. सेडम आणि बऱ्याचशा एकेव्हेरिया त्याच्या मागोमाग. एकेव्हेरिया हे नाव १८२८ साली द कांदोल यांनी ठेवलं, आतानासिओ एकेव्हेरिया या मेक्सिकन चित्रकारासाठी. स्पॅनिश राजवटीतल्या वनस्पती मोहिमेत त्यानं तिथल्या झाडांची चित्रं काढली होती. शास्त्रज्ञांनी चित्रकाराची अशी आठवण ठेवल्याची उदाहरणं फार नाहीत, म्हणून हे सांगितलं.

या झाडांचं पान ओढून तोडायचं नाही. चिमटीत धरून हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवायचं, म्हणजे ते देठाच्या मुळापासून अखंड सुटतं. नवं रोप फुटतं ते पानाच्या तळाशी असलेल्या चिमूटभर ऊतीतून. ती झाडावरच राहिली तर उरलेलं पान कितीही टवटवीत असो, त्याला फार तर मुळं फुटतील, रोप नाही. सुटलेली पानं कोरड्या मिश्रणावर नुसती ठेवायची, पुरायची नाहीत. दोन-तीन आठवड्यांत तळाशी गुलाबी दोरे दिसू लागतात, ती मुळं. त्यानंतर मटारएवढी पानांची गुंडी. ही गुंडी दिसली की कडेनं थोडं पाणी. जुनं पान सुरकुतत जातं, पातळ होतं. ते ओढून काढायचा मोह आवरावा. त्यातलं पाणी आणि साखर पिल्लाकडे जात असते. पूर्ण वाळलं की ते आपणहून गळतं.

पानफुटी मात्र या सगळ्यांहून धीट. तिच्या पानाच्या कडेवरच्या खाचांतच रोपांची तयारी असते. झाडावर असेपर्यंत पान सहसा गप्प. गळून पडलं किंवा तोडलं की खाचेखाचेतून रोपं डोकं वर काढतात. दहावीच्या पुस्तकात शाकीय प्रजननाला तिचंच उदाहरण येतं, आणि वहीत दाबून ठेवलेल्या पानफुटीला फुटलेले कोंब पाहिले नाहीत असं शाळेत शिकलेलं माणूस विरळा. मूळची ती मादागास्करची. जर्मन कवी गटे यांनाही तिचं वेड होतं. वायमारच्या घरी ते तिची रोपं करत आणि मित्रमैत्रिणींना पाठवत. तिचीच एक बहीण, कलांचो डेग्रेमोंटियाना, याहून पुढची. तिची पानं झाडावर असतानाच कडांना रोपांची झालर लावून बसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत नीलिमा सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली याचं जनुकीय कारण मांडलं. बीमधला गर्भ तयार करणारी यंत्रणा या झाडानं पानाच्या कडेवर वापरायला काढली आहे, आणि त्याच वेळी बी तयार होण्यासाठी लागणारं एक जनुक त्यात मोडकं झालं आहे. पानांवर इतकं भागत असताना बियांची गरजच उरली नाही.

कोरफडीचं पान रुजत नाही. हे वाक्य ठळक छापायला हवं, कारण दर वर्षी कित्येक घरांत कोरफडीची जाडजूड पानं कुंडीत उभी खोचली जातात आणि महिन्याभरात पाणी होऊन जातात. कोरफडीला बुडाशी पिल्लं येतात. बोटभर उंचीची झाली की कुंडी उलटी करून मुळांसकट सोडवायची, एक-दोन दिवस पडू द्यायची आणि लावायची. हावर्थियाचंही तसंच. तिचं पान रुजतं कधीकधी, पण पिल्लं समोर असताना तो वनवास कशाला?

स्नेक प्लांटच्या पट्टीसारख्या पानाचे बोटभर तुकडे करून लावता येतात. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. तुकडा उलटा लावला तर रुजत नाही. ऑक्सिनला खाली कुठे ते माहीत असतं, आपण विसरतो. म्हणून कापतानाच खालच्या टोकाला तिरकी खूण करावी. दुसरी गोष्ट पिवळ्या काठाच्या जातीची. तिच्या पानाच्या तुकड्यातून येणारं रोप साधं हिरवं निघतं. तो पिवळा काठ म्हणजे एकाच झाडात शेजारी शेजारी नांदणाऱ्या दोन वेगळ्या पेशीसमूहांपैकी एक. नवं रोप बहुधा दुसऱ्यातून उगवतं आणि काठ मागे राहतो. काठ हवा असेल तर जमिनीखालचा गड्डाच फोडावा लागतो. रोपवाटिकेनं फसवलं असं म्हणत अनेक जण हे हिरवं रोप टाकून देतात, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

जेडच्या बाबतीत तर आधी जेड कुठलं ते पाहावं. आपल्याकडे जेड म्हणून विकलं जाणारं लहान गोल पानांचं, तांबूस देठाचं झाड बऱ्याचदा पोर्टुलाकारिया अफ्रा असतं. दक्षिण आफ्रिकेत हत्ती ते आवडीनं खातात, आणि खाताना मोडून पडलेल्या फांद्या जिथे पडतात तिथेच रुजतात. तेव्हा आपल्या हातूनही ते रुजायला हरकत नाही. खरं जेड, क्रॅसुला ओव्हाटा, जाड आणि मोठ्या पानांचं, तेही तिकडचंच. दोघांची फांदी लागते, पण पानापासून रोप करायचं तर ते खऱ्या जेडचं जास्त सहज जमतं.

आणि मून कॅक्टस. लाल किंवा पिवळा गोळा, खाली हिरवा तिधारी खांब. वरच्या गोळ्यात हरितद्रव्यच नाही, त्यामुळे तो एकटा जगू शकत नाही. खालचा खांब ड्रॅगन फ्रूटच्या जातकुळीतला, त्याला तो पोसतो. गोळ्याचं पिल्लू काढून मातीत ठेवणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. त्याचं कलमच करावं लागतं. दोन्ही काप ताजे, दोघांच्या मधली वर्तुळं एकमेकांना टेकलेली आणि वरून रबर बँड. जखम सुकू द्या हा नियम एवढ्या एका कामात मोडायचा.

निवडुंगासारखे दिसणारे पण निवडुंग नसलेले युफोर्बिया आपल्याकडे खूप. शेताच्या कुंपणाचा शेर, त्रिधारी, घराघरातला काटेरी मुकुट. यांना कापलं की पांढरा चीक येतो आणि तो चांगलाच जहाल असतो. डोळ्यांत गेला तर इजा गंभीर होऊ शकते. भरपूर पाण्यानं डोळे धुऊन थेट डॉक्टरांकडे जावं. हातमोजे घालावेत, कापलेलं टोक गार पाण्याखाली धरून चीक थांबवावा, मगच वाळत ठेवावं. लहान मुलं मदतीला असतील तर हे झाड त्या दिवशी बाजूला ठेवलेलं बरं.

*

कापावर काय लावायचं, यावर घराघरांत मतभेद आहेत. कुणी दालचिनीची पूड, कुणी हळद, कुणी मध, कुणी कोरफडीचा गर. दालचिनीतल्या तेलाला बुरशी दबते, हे खरं आहे. हळद लावण्यामागे आजीचा हात असतो, त्याला मी विरोध करत नाही. पण जखम नीट वाळली असेल तर यातल्या कशाचीच गरज पडत नाही, आणि वाळली नसेल तर यातलं काहीही तिला वाचवत नाही. मध आणि कोरफडीचा गर तर ओलच. मुळं फुटायला विकत मिळणारी पावडर कठीण लाकडाच्या फांद्यांना उपयोगी. रसाळ झाडांना तिच्यावाचून काही अडत नाही. सुरी किंवा ब्लेड मात्र स्पिरिटनं पुसून घ्यावं. दहा रुपयांचं काम, पण नेमकं तेच टाळलं जातं.

मातीबद्दल मी जरा हट्टी आहे. देशावरची काळी माती कापसाला आणि ज्वारीला उत्तम. कुंडीत ती ओली झाली की चिखल आणि वाळली की दगड. रोपवाटिकेतली लाल मातीची पिशवीही बहुधा चिकणमातीच निघते. कोकोपीटवर अलीकडे फार भिस्त ठेवतात. ते हलकं असतं, वाहतुकीला सोपं पडतं, म्हणून रोपं त्यात येतात. पण पावसाळ्यात ते दिवसचे दिवस ओलं राहतं आणि पूर्ण वाळलं की पाणी वरच्यावर निसटून जातं. विकत आणलेलं रोप आठवड्याभरात त्यातून बाहेर काढावं. मिश्रणात निम्म्याहून जास्त भाग खड्यांचा हवा. चाळून धुतलेला बारीक मुरूम, विटांचा चुरा, बांधकामावरची धुऊन भुकटी काढलेली कच, कोळशाचे तुकडे, परवडत असेल तर परलाइट किंवा प्युमिस. उरलेल्यात कुजलेला पालापाचोळा आणि मूठभर निंबोळी पेंड. पाणी घातल्यावर दोन-चार सेकंदांत बुडातून बाहेर आलं पाहिजे. ब्रह्मकमळ तेवढं याला अपवाद. ते मुळात झाडावरच्या पाचोळ्यात वाढणारं. त्याला पालापाचोळ्याचं खत जास्त आणि सावली थोडी अधिक लागते. कोकणातला पाऊस म्हणूनच त्याला मानवतो.

कुंडी मातीची, भोक असलेली. काचेच्या वाडग्यात रंगीत वाळूचे थर देऊन केलेली बाग फोटोपुरती छान. तिला भोक नसतं, त्यामुळे तिचं आयुष्य साधारण दिवाळी ते होळी. निळे-जांभळे रंग मारलेले सक्युलंट आणि गोंदानं कागदी फुलं चिकटवलेले निवडुंग विकणाऱ्यांबद्दल काही न लिहिलेलंच बरं.

*

आता वेळेचं. इंग्रजी पुस्तकं आणि व्हिडिओ सांगतात, वसंतात कलमं करा. त्यांच्या वसंतात बर्फ नुकतं वितळलेलं असतं. आपल्याकडे तेव्हा विदर्भात पारा चाळिशीपार जातो आणि मुंबईत घामाच्या धारा लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात बरेचसे सक्युलंट वाढ थांबवून बसतात. त्यात कापाकापी म्हणजे छळ. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की जखम वाळतच नाही. उरतो तो परतीच्या पावसानंतरचा काळ. कोजागिरीच्या सुमारास हवा कोरडी व्हायला लागते, रात्री गार पडतात, दिवसा ऊन स्वच्छ असतं. तिथपासून शिवरात्रीपर्यंत कलमांचा हंगाम. रात्री गार असणं या झाडांना फार महत्त्वाचं, कारण त्यांचा सगळा व्यवहार रात्रीचा. पुणे, नाशिक, सातारा, पाचगणी इथे एकेव्हेरियाचे रंग खुलतात आणि मुंबई-ठाण्यात ती कशीबशी दिवस काढते, याचं कारण पावसाइतकंच रात्रीच्या उकाड्यात आहे. मे महिन्यात मुंबईत रात्रीही पारा पंचविसाच्या खाली सहसा उतरत नाही. किनारपट्टीच्या लोकांनी एकेव्हेरियामागे लागून मन कष्टी करू नये. स्नेक प्लांट, पोर्टुलाकारिया, हावर्थिया, अडेनियम, ब्रह्मकमळ ही त्यांची माणसं.

ऑनलाइन मागवलेल्या रोपांचंही यातच येतं. निवडुंग आणि सक्युलंटच्या रोपवाटिकांसाठी पश्चिम बंगालमधलं कालिम्पाँग प्रसिद्ध आहे. तिथून येणारी रोपं कागदात गुंडाळलेली, माती झाडलेली असतात. समुद्रसपाटीपासून साडेबाराशे मीटरवरच्या गारव्यात वाढलेलं रोप मार्चमध्ये अकोल्यात उतरवलं तर त्याचा काय दोष? मागवायचंच तर दिवाळीनंतर मागवावं. आल्याबरोबर पाणी न देता कोरड्या मिश्रणात बसवावं आणि आठवड्यानंतर पहिलं पाणी.

पावसाळ्यात ही सगळी मंडळी छपराखाली घ्यावी लागतात. तिथे उजेड कमी पडतो आणि झाडं लांबट, फिकट होतात, दोन पानांत अंतर पडतं. लांबलेली मान परत आखूड होत नाही. मग ऑक्टोबरात धीर करून शेंडा उडवायचा. शेंडा वाळवून लावला की सुबक नवं रोप, आणि उरलेल्या खुंटाला महिन्या-दीड महिन्यात तीन-चार फुटवे. डोकं छाटल्यावर वरून येणाऱ्या ऑक्सिनचा धाक संपतो आणि बाजूचे डोळे जागे होतात. हौशी लोकांचा संग्रह वाढतो तो अशा छाटणीवर. पांढऱ्या कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसून काढायचे, आणि कलम करण्याआधी पानांच्या बेचक्यात नीट पाहायचं. एरवी झाडाबरोबर ढेकूणही भेट जातात.

हेच तंत्र एकरांवर पाहायचं असेल तर सांगोला किंवा जत तालुक्यात जावं. कमी पावसाच्या या भागात सिमेंटच्या खांबांवर चढवलेल्या ड्रॅगन फ्रूटच्या बागा उभ्या आहेत. तोही निवडुंग, आणि त्याच्याही फुटभर कांड्या सावलीत काही दिवस वाळवूनच लावतात. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत या पिकावर बरंच काम झालं आहे.

*

तुकड्यातून झाड होणं ही नेहमीच कौतुकाची गोष्ट असते असं नाही. फड्या निवडुंगाचा इतिहास पाहा. अमेरिकेतून आलेला हा ओपन्शिया कुंपणासाठी लावला गेला. त्याचा प्रत्येक फडा जमिनीवर पडला की रुजतो. गुरांच्या अंगाला चिकटून, ओढ्याच्या पाण्यातून वाहत तो गावोगाव पसरला. १७९५ साली कलकत्त्यात ब्राझीलहून कोचिनील किडा आणला गेला. कंपनीला त्यापासून किरमिजी रंग हवा होता. आला तो भलत्याच जातीचा. त्यानं रंग काही धड दिला नाही, पण ओपन्शियाच्या एका जातीचा फडशा पाडला. किड्यानं तण खाल्ल्याचं जगातलं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. दुसरी जात मात्र त्याला बधेना. तिच्यासाठी १९२६ साली सिलोनहून वेगळा कोचिनील आणावा लागला आणि मग काही वर्षांत दक्षिणेतली रानं मोकळी झाली. पानफुटी आणि तिच्या बहिणीही जगात अनेक ठिकाणी अशाच मोकाट झाल्या आहेत. बाल्कनी आवरताना उरलेली पानं टेकडीवर, नाल्यात किंवा सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत भिरकावू नयेत. ती मरत नाहीत, हाच तर त्यांचा गुण.

उलट दिशेचीही एक गोष्ट आहे. शिवनेरी-जुन्नरच्या कड्यांवर एक झाड राहतं, शिंदळ माकुडी. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून त्याला फ्रेरिया इंडिका म्हटलं. रसाळ खोड, पावसात येणारी आणि कोरड्या दिवसांत गळणारी पानं, मरून रंगाची, पिवळे ठिपके असलेली ताऱ्यासारखी फुलं. सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांपलीकडे ते जगात कुठेच आपसूक उगवत नाही. आणि तरी त्याची फांदी तोडून लावली तर ती सहज रुजते. म्हणजे ज्याला ते हवं आहे त्याला कड्यावर चढून मूळ उपटण्याचं काही कारण नाही. वनस्पती उद्यानांत आणि जाणत्यांच्या संग्रहात ते कलमांवर वाढतं आहे. दक्षिण आफ्रिकेत गेल्या काही वर्षांत चोरट्यांकडून लाखो रानटी सक्युलंट जप्त झाली. कॅलिफोर्नियाला डडलिया या झाडाच्या चोरीविरुद्ध २०२१ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. दुर्मीळ झाड विकत घेताना ते कलमाचं आहे की रानातून उपटलेलं, हे विचारायलाच हवं. खोडावर ओरखडे, वेडीवाकडी वाढ आणि तुटकी जाड मुळं दिसली तर पैसे खिशातच ठेवावेत.

परदेशी असलेल्या मुलामुलींनी येताना पर्समधून एखादी फांदी आणावी, असा आग्रह इकडून धरला जातो, तोही सोडावा. रोपं आणि कलमं आयात करायला परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. शिवाय निवडुंगाचं जवळजवळ अख्खं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली येतं. विमानतळावर हसं होण्यापेक्षा शेजारणीकडे मागितलेलं काय वाईट?

दिवाळीच्या फराळाबरोबर यंदा एखादी फांदी द्यावी. ताजी तोडलेली नको, चार दिवस वाळवलेली. वर्तमानपत्रात गुंडाळून द्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत वाफ धरते. कागदावर झाडाचं नाव लिहा, वरचं टोक कुठलं त्याची खूण करा, आणि घेणाऱ्याला बजावून सांगा की लावल्यावर निदान आठवडाभर पाणी घालायचं नाही.